विष कोणते?

अनास्तासिया श्किल्निक या बाईंचे ‘अ पॉयझन स्ट्राँगर दॅन लव्ह’ हे पुस्तक मी प्रथम हाती घेतले ते त्याच्या नावाने थोडासा फसून. कॅनडातल्या एका आदिवासी वस्तीची नदी पाऱ्याने नासली आणि त्या नदीतले मासे खाऊन माणसे आजारी पडली, एवढी हकीकत मला कोठे कोठे वाचून ठाऊक होती. तेव्हा ‘प्रेमाहून जालीम विष’ म्हणजे पाराच असणार असे गृहीत धरून मी वाचू लागलो. बरीच पाने उलटली तरी पारा आपला कडेला उभा. समोर होती ती दारू. पोटच्या पोरांवरच्या मायेपेक्षाही दारूचा जोर अधिक आहे, असे वस्तीतल्या एका माणसाने लेखिकेजवळ कबूल केले आणि त्या कबुलीवरून पुस्तकाला नाव मिळाले. माझी फसगत झाली ती अशी. पण पुस्तक संपवून मी खाली ठेवले तेव्हा मनात आले, फसलो तो मी एकटाच का? लेखिकाही याच जागी थोडी फसली नसेल ना?

दिवाळीच्या अंकात, चकलीचा तुकडा मोडता मोडता वाचायला हा विषय द्यावा की नाही, याचा मी दोन दिवस विचार केला. शेवटी असे वाटले की हे पुस्तक मुळात अन्नाविषयीच आहे. माणसे पिढ्यान् पिढ्या जे खात आली, पाहुण्याला आग्रहाने वाढत आली, तेच एके दिवशी ‘खाऊ नका’ म्हणून सांगण्यात आले, तर त्या घराचे काय होते याची ही कहाणी आहे. सणाच्या दिवसांत ती कळायला फार प्रयास पडू नयेत.

ग्रासी नॅरोज ही वस्ती ओंटारिओ प्रांताच्या वायव्य भागात, केनोरा गावाच्या उत्तरेला आहे. माणसे ओजिब्वा, स्वतःला अनिशिनाबे म्हणवणारी. सरोवरे, नद्या आणि सूचिपर्णी झाडांचे अफाट रान. १८७३ च्या तहान्वये या मुलखातली जमीन ब्रिटिश राजसत्तेकडे गेली, पण शिकार आणि मासेमारी यांचा हक्क या लोकांकडे राहील असे त्या तहातच लिहिलेले होते. वस्तीच्या वरच्या अंगाला, वॅबिगून नदीकाठी, ड्रायडन या गावी कागदाचा मोठा कारखाना. कागद पांढरा करायला क्लोरिन लागतो. तो मिठाच्या पाण्यातून वीज सोडून काढतात, आणि त्या काळच्या रीतीत या कामी पारा वापरीत. १९६२ ते १९७० या आठ वर्षांत कारखान्याच्या या रसायनशाखेने सुमारे नऊ हजार किलो पारा नदीत सोडला. आपण मासिके, पुस्तके, वह्या वाचतो-लिहितो त्या कागदाच्या शुभ्रपणाची ही किंमत कोणी कोठे भरली, हे पुस्तक हाती असताना विसरता येत नाही.

पारा नदीच्या तळाशी बसला असता तर कदाचित एवढा अनर्थ न होता. तळच्या चिखलातले सूक्ष्म जीव त्याचे रूप पालटतात. त्या नव्या रूपात तो सजीवांच्या अंगात मुरतो आणि सहसा बाहेर पडत नाही. किडे तो खातात, किड्यांना लहान मासे, लहानांना मोठे. प्रत्येक पायरीवर विष दाट होत जाते. माझे लहानपण रायगड जिल्ह्यातल्या एका खाडीकाठी गेले. आमच्याकडे जावई आला की जिताडा शोधत फिरायचे. लहान मासळी घरच्यांसाठी, जिताडा पाहुण्यासाठी. ग्रासी नॅरोजलाही तसेच. तेथला मान पिकरेल आणि पाइक या मोठ्या शिकारी माशांना, आणि विष सर्वांत अधिक साठले ते नेमके त्यांच्यात.

वस्तीतले कितीतरी पुरुष उन्हाळ्यात हौशी पाहुण्यांचे वाटाडे म्हणून काम करीत. सकाळी गळ टाकायचा, दुपारी किनाऱ्यावर चूल पेटवून ताजा मासा तळायचा आणि पाहुण्यांबरोबर स्वतःही जेवायचे, असा दिवसाचा क्रम. म्हणजे जो कामाला अधिक तत्पर, त्याच्या पोटात पारा अधिक. १९७० साली विक्रीसाठी मासे धरण्यावर बंदी आली. मोठे विश्रामगृह चालवणाऱ्या एकाने आपले दार बंद केले आणि वाटाड्यांचा रोजगार बुडाला. सरकारने पाहुण्यांना मात्र आडकाठी केली नाही. मासे धरा, मौज करा, फक्त खाऊ नका, असा सल्ला त्यांना देण्यात आला. मौजेसाठी आलेल्या माणसाला तो पाळणे अवघड नव्हते. घरी जाऊन तो दुसरे काही जेवणार होता.

श्किल्निकबाई १९७६ साली या वस्तीत आल्या त्या इंडियन लोकांचा कारभार पाहणाऱ्या सरकारी खात्याच्या सल्लागार म्हणून. पाऱ्यामुळे जो रोजगार बुडाला त्याची भरपाई कशी करावी, एवढे त्यांना सांगायचे होते. त्या तेथे राहिल्या, आणि आपल्याला विचारलेला प्रश्नच तोकडा आहे हे त्यांच्या लक्षात आले. पुस्तक १९८५ साली येल विद्यापीठाने काढले. प्रस्तावना काय एरिक्सन या समाजशास्त्रज्ञाची. अमेरिकेतल्या बफेलो क्रीकच्या पुरात वाहून गेलेल्या वस्त्यांवर एरिक्सन यांनी पूर्वी लिहिले होते. एकेका माणसाला बसलेला धक्का वेगळा आणि माणसामाणसांतला धागाच तुटण्याचा धक्का वेगळा, हा त्यांचा विचार श्किल्निकबाईंच्या पुस्तकाच्या पाठीशी उभा आहे.

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. वस्तीचा घात पाऱ्याची गोष्ट उघडकीस येण्यापूर्वीच सुरू झाला होता. १९६३ साली याच सरकारी खात्याने सोयीच्या नावाखाली लोकांना नदीकाठच्या जुन्या ठिकाणाहून उठवून सडकेजवळ नेले. शाळा जवळ, दवाखाना जवळ, वीज येणार, अशी आश्वासने होती. जुन्या ठिकाणी एकेका कुळाची घरे एकमेकांपासून लांब लांब, आपापल्या पाण्याकडे तोंड करून होती. नव्या ठिकाणी सगळ्यांना ओळीत, भिंतीला भिंत लागेल अशा बेताने बसवले. कोणाच्या शेजारी कोण याला काही धरबंध उरला नाही. पूर्वी हिवाळ्यात सारे कुटुंब, मुलाबाळांसकट, सापळे लावायला रानात जाई. आता मुले शाळेत म्हणून आई घरी अडकली, बाप एकटाच रानात जाऊ लागला, आणि हळूहळू त्याचेही जाणे सुटले. आजारपण, बाळंतपण, मृत्यू या प्रसंगी कोणी कोणाकडे धावायचे याचे जे न लिहिलेले नियम होते, ते या ओळींत मोडून गेले. मग दारू आली, मारामाऱ्या आल्या, उपाशी आणि बेवारशी फिरणारी मुले आली, आत्महत्या आल्या. आणि अशा उघड्या पडलेल्या लोकांच्या ताटात पारा आला.

ज्या खात्याने आपल्याला पाठवले त्याच खात्याच्या पदरात लेखिकेने हा दोष घातला आहे. तिच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घ्यायला येथे जागा नाही.

पुस्तकातला मला सर्वांत आवडलेला भाग म्हणजे म्हाताऱ्या माणसांनी सांगितलेल्या जुन्या दिवसांचा. लेखिका येथे मागे सरते आणि माणसांना बोलू देते. मुलाचे नाव वडीलधाऱ्या माणसाला स्वप्नात कसे मिळे, वयात येणारा मुलगा उपाशीपोटी रानात एकटा राहून आपला पाठीराखा कसा शोधी, पाणथळीतला रानतांदूळ होडीत झोडून कसा आणत, हे सारे ती माणसे काल घडल्यासारखे सांगतात. एखाद्या समाजाची ‘संस्कृती’ म्हणून जे आपण वेगळे काढून काचेच्या कपाटात ठेवतो, ते येथे आरोग्याचेच दुसरे नाव असल्याचे कळते. रानात चालणे हाच व्यायाम, मासा हाच आहार, कुळ हाच दवाखाना. लेखिकेने हा सिद्धान्त मांडलेला नाही. तो त्या आठवणींतून आपोआप वर येतो.

आता माझी तक्रार. पारा आणि दारू यांना लेखिकेने दोन निराळ्या खात्यांत टाकले आहे. एक रासायनिक विष, दुसरे सामाजिक. आणि माणसे मोडण्याच्या कामी दुसऱ्याचा वाटा मोठा, असा तिचा एकूण कौल. तो देताना एक गोष्ट तिच्या हातून निसटली. पाऱ्याने मज्जातंतू बिघडलेला माणूस चालताना झोकांड्या खातो, त्याची जीभ जड होते, हात कापतात, नजर आखूड होते, चित्त थाऱ्यावर राहत नाही. दारू प्यालेला माणूसही दुरून असाच दिसतो. ज्या वस्तीविषयी ‘हे लोक पितात’ असे एकदा ठरून गेले, तेथे पाऱ्याचा रोगी ओळखायचा कोणी?

माझे एक डॉक्टर स्नेही उमेदवारीच्या काळात आपल्याकडच्या एका आदिवासी भागात होते. एका संध्याकाळी झोकांड्या खात आलेल्या एका माणसाच्या केसपेपरावर त्यांनी ‘नशेत’ असा शेरा मारला आणि त्याला घरी पाठवले. तो गडी थेंबही घेत नव्हता. डोक्यात गाठ होती. ती कळायला पुढे चार महिने लागले. या गोष्टीला आता तीस वर्षे झाली, पण स्नेही ती अजून सांगतात, आणि सांगताना त्या माणसाच्या तोंडाला वास येत होता की नाही हे आपण पाहिलेच नाही, यावर येऊन थांबतात. श्किल्निकबाईंचे पुस्तक वाचताना मला त्या केसपेपराची पुन्हा पुन्हा आठवण झाली.

अर्थात १९८५ साली जे कोणालाच माहीत नव्हते त्याचा जाब लेखिकेला विचारता येणार नाही. परंतु आज ते पुस्तक वाचणाऱ्याला पुढच्या गोष्टी माहीत असायला हव्यात. १९७० पासून १९९७ पर्यंत सरकारी आरोग्ययंत्रणा या वस्तीतल्या माणसांचे केस आणि नवजात बाळांच्या नाळेतले रक्त तपासून पाऱ्याचे आकडे नोंदवत होती. म्हणजे लेखिका घरोघर हिंडून आयांची दुःखे टिपून घेत होती, तेव्हा त्याच आयांच्या नाळेचे आकडेही कोठेतरी नोंदले जात होते. त्या नोंदींच्या आधारे डॉना मर्ग्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ साली असे दाखवले की आजीच्या अंगात पारा किती होता याचा, आईच्या प्रकृतीतून आणि मनःस्थितीतून उतरत, नातवंडांच्या आत्महत्येच्या प्रयत्नांशी संबंध लागतो. तीन पिढ्या! ज्या आत्महत्यांना श्किल्निकबाईंनी तुटलेल्या समाजाची खूण मानले, त्यांतही तळाशी बसलेल्या त्या पाऱ्याचा हात असू शकतो. त्यांचा विचार याने खोटा ठरत नाही, पण त्यांची दोन खाती मात्र एकमेकांत मिसळून जातात. मासा तुटला म्हणून मन मोडले की मेंदूच पोखरला म्हणून, हे त्या घरातल्या माणसाला तरी कसे सांगता यावे?

यापुढची तक्रार लेखनाविषयीची आहे, आणि ती करताना मला दुसऱ्या एका पुस्तकाकडे वळावे लागते. जपानमधल्या मिनामाताचे नाव पुष्कळांच्या कानावर असेल. खतांच्या आणि रसायनांच्या कारखान्याने समुद्रात सोडलेल्या पाऱ्याने तेथल्या कोळ्यांना ग्रासले. १९५६ साली रोगाची अधिकृत नोंद झाली. त्याच भागात राहणाऱ्या इशिमुरे मिचिको या गृहिणीने १९६९ साली ‘कुगाई जोदो’ हे पुस्तक लिहिले. कोळी हे काही आदिवासी नव्हेत, आणि दोन्ही ठिकाणांत अर्ध्या पृथ्वीचे अंतर. पण १९७५ साली ग्रासी नॅरोजची काही माणसे मिनामाताला जाऊन आली, आणि त्याच वर्षी मिनामाताच्या रोग्यांसाठी जन्म वाहिलेले डॉक्टर हारादा मासाझुमी ग्रासी नॅरोजला येऊन लोकांना तपासून गेले. आईच्या पोटातल्या गर्भालाही हे विष बाधते, हे मिनामाताच्या मुलांमध्ये त्यांनीच दाखवले होते. ग्रासी नॅरोजच्या माणसांत त्यांना तीच लक्षणे दिसली. कॅनडातले सरकारी वैद्यक ते मानायला नाखूष होते. तेव्हा ही दोन पुस्तके शेजारी ठेवणे अगदीच मनमानीचे नाही.

इशिमुरेबाईंनी रोग्यांची दीर्घ स्वगते त्यांच्या बोलीत लिहिली आहेत. ती शब्दशः कोणी उच्चारलेली नाहीत. त्यांच्या मनात जे होते ते मी लिहिले, अशा अर्थाचे त्यांचे म्हणणे प्रसिद्ध आहे. शास्त्राच्या दृष्टीने हा गुन्हाच म्हणायचा. श्किल्निकबाई असले काही करीत नाहीत. त्या ऐकतात, टिपतात, तारखा देतात, तक्ते मांडतात. आणि तरीही, माझा अनुभव सांगतो, इशिमुरेंचा रोगी माझ्याशी बोलतो आणि श्किल्निकबाईंचा रोगी माझ्यासमोर उभा केला जातो. एका घरातल्या मारहाणीमागून दुसऱ्या घरातली मारहाण, एका मुलाच्या हालांमागून दुसऱ्याचे हाल येत राहतात, आणि वाचक न कळत पंचनाम्याला बोलावलेल्या पंचासारखा होऊन बसतो. लेखिकेचा हेतू करुणेचा आहे हे प्रत्येक ओळीत दिसते. पण करुणा बाळगणारा माणूस नेहमी उंबऱ्याबाहेर उभा असतो, आणि इशिमुरे शेजारणीसारख्या मागल्या दाराने आत येतात. त्यांच्या रोग्याला हाल सांगून झाल्यावर समुद्र आठवतो, नवऱ्याबरोबर होडीत काढलेल्या पहाटा आठवतात, मासा किती गोड लागे ते आठवते. रोगाने त्याचे सुख नेले, सुखाची आठवण नेली नाही. श्किल्निकबाईंनी ती आठवण म्हाताऱ्यांपुरती ठेवली. तरण्या माणसांना त्यांनी नुसते दुःखच दिले.

याचाच परिपाक त्यांच्या उपशीर्षकात झाला आहे. ‘एका ओजिब्वा समाजाचा विनाश’ असे ते आहे. विनाश! हा शब्द लिहून टाकला की मागे काही उरत नाही, आणि ज्या समाजात मागे काही उरलेले नाही त्याच्याशी न्यायाने वागायची कोणाला घाई असणार? १९८५ मध्ये समझोता झाला, १९८६ साली त्याचा कायदा झाला; ग्रासी नॅरोज आणि शेजारची व्हाइटडॉग या दोन वस्त्यांना मिळून सुमारे १ कोटी ६७ लक्ष डॉलर मिळाले. कोणाला पाऱ्याची बाधा झाली हे ठरवायला एक मंडळ नेमले. त्याने बहुसंख्य अर्जदारांना, बाधा सिद्ध होत नाही म्हणून परत पाठवले. नदीचा तळ तसाच राहिला. तो साफ करण्यासाठी ओंटारिओ सरकारने साडेआठ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले ते थेट २०१७ साली. आणि रोग्यांसाठी वस्तीतच शुश्रूषागृह बांधण्याचा करार केंद्र सरकारने केला तो २०२० मध्ये. कारखान्याने पारा सोडणे थांबवल्याला तोवर पन्नास वर्षे झाली होती.

आणि विनाश झालेल्या या समाजाने मध्यंतरी काय केले? २००२ च्या डिसेंबरात, ऐन थंडीत, वस्तीतली तरुण मंडळी स्लँट लेकजवळ लाकूडतोडीच्या रस्त्यावर जाऊन बसली आणि लाकडाची वाहने त्यांनी अडवली. रान तोडले की जमिनीतला पारा धुपून पुन्हा पाण्यात उतरतो, हे त्यांना आता कोणी शिकवायला नको होते. ती अडवणूक दिवस, आठवडे, वर्षे चालली. कॅनडातली सर्वांत दीर्घकाळ चाललेली अडवणूक म्हणून तिचे नाव झाले. २००८ मध्ये कागदधंद्यातल्या एका बड्या कंपनीने त्या रानातून अंग काढून घेतले. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयात वस्ती हरली. तहाच्या मुलखातली जमीन कामाला घेण्याचा प्रांताला अधिकार आहे, असा निकाल लागला. तरी माणसे उठून गेली नाहीत. रस्त्यावर बसलेली ही पोरे कोणाची? ज्यांच्याविषयी श्किल्निकबाईंनी आशा सोडली होती त्याच घरांतली. मग त्या घरांत, त्या अंधारातही, लेखिकेच्या नजरेला न पडलेले काहीतरी शिल्लक असले पाहिजे. कोणी आजी नातवाला रानात नेत असेल. कोणी बाप एखाद्या सकाळी शुद्धीवर असताना मुलाला सापळा लावायला शिकवीत असेल. असल्या सकाळी पुस्तकात फार थोड्या आहेत.

इतके सारे म्हणूनही पुस्तक वाचू नका असे मी म्हणणार नाही. माझी प्रत समासातल्या प्रश्नचिन्हांनी भरली आहे आणि तरी मी ती कोणाला देऊन टाकलेली नाही. सरकारी अहवाल लिहायला गेलेल्या एका बाईने अहवालाची चौकट मोडून माणसांकडे पाहिले, आणि लोकांना नदीकाठावरून उठवणे आणि नदीत पारा सोडणे या दोन गोष्टी एकाच प्रकृतीवर घाव घालतात हे पहिल्याने इतक्या तपशिलाने मांडले, हे थोडे नाही. फक्त वाचणाऱ्याने म्हाताऱ्यांच्या आठवणींचा भाग दोनदा वाचावा. आणि ‘दारू’ हा शब्द येईल तेथे तेथे जरा थांबून, त्या माणसाने त्या आठवड्यात कोणता मासा खाल्ला असेल, एवढे मनाशी विचारावे.